हाताची घडी, तोंडात रेग्युलेटर

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, हे आधीच सांगून टाकतो. अंदमानात हॅवलॉकला डायव्हिंगसाठी येणारा जवळजवळ प्रत्येक मराठी पाहुणा बोटीत चढण्याआधी मला विचारतो, "सर, ऑक्सिजन किती वेळ पुरेल?" टाकीत असते ती साधी हवा, आपण एरवी घेतो तीच. २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. कॉम्प्रेसरने ती गाळायची, कोरडी करायची आणि २०० बार दाबाने टाकीत कोंबायची. निव्वळ ऑक्सिजन घेऊन कोणी खाली गेलाच, तर सहा-सात मीटरच्या पुढे तोच ऑक्सिजन अंगावर उलटतो, झटके येतात. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत दोन हजार लिटरहून जास्त हवा मावते आणि त्या हवेचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. हवेला वजन असतं हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं, पण किनाऱ्यावरून बोटीपर्यंत टाकी वाहून नेल्यावर ते पटतं.

मी मालवणकडचा, रापणकरांच्या घरातला. आमच्याकडे समुद्र म्हणजे जाळ्यात काय आलं, एवढाच हिशेब. आता दिवाळीच्या सुमारास अंदमानला येतो आणि मे संपता संपता घरी परततो. बेटाचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. धक्क्यावरचे रिक्षावाले आणि आम्ही सगळे मात्र अजून हॅवलॉकच म्हणतो. वस्ती बरीचशी पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. किनाऱ्यांना नुसते आकडे: तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर.

पाण्याखालच्या जागांची नावं त्याहून मजेशीर आहेत. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार. पाहुण्यांना वाटतं, असतील कोणी गोरे साहेब. ही नावं इथल्या करेन बोटवाल्यांची आहेत. करेन लोक मूळचे ब्रह्मदेशातले. १९२५ च्या सुमारास इंग्रजांनी जंगलतोडीच्या कामासाठी त्यांना आणलं आणि मायाबंदरकडे वसवलं. डुंगीत, म्हणजे होडीत, उभं राहून, पाण्याचा रंग आणि प्रवाह बघून, खाली खडप आहे की वाळू हे सांगणारी ही माणसं. दाखवणाऱ्याचं नाव जागेला राहिलं, हे मला फार आवडतं. आमच्याकडेही खडपांना नावं असतात, पण कोणाची ते आता कोणालाच ठाऊक नसतं.

तर मुद्दा असा की बहुतेक पाहुणे येतात ते 'ट्राय डाइव्ह'साठी. पोहता येत नसलं तरी चालतं. वेटसूट घालायचा, गुडघाभर पाण्यात उभं राहून, टाकीला जोडलेला रेग्युलेटर तोंडात धरून श्वास घ्यायचा सराव करायचा, आणि मग माझ्यासारखा कोणी तरी तुमच्या टाकीची मान धरून तुम्हाला पाच-सहा मीटरवर फिरवून आणतो. व्हिडिओ निघतो, नेमो दिसतो, मंडळी खूश. यात वाईट काही नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण हे डायव्हिंग नव्हे. कडेवर बसून जत्रा बघण्यातला प्रकार आहे. उंची, वळण, थांबणं सगळं माझ्या हातात असतं, तुम्ही नुसते डोळे. खरं डायव्हिंग तीन-चार दिवसांच्या कोर्समध्ये सुरू होतं आणि त्यात शिकायची मुख्य गोष्ट कोणत्याही जाहिरातीत नसते: पाण्यात काहीही न करणं.

ते कळायला आधी दाबाचं गणित बघावं लागतं. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर सहा लिटर जागा व्यापणारी हवा १० मीटरवर तीन लिटरची होते, २० वर दोनची, ३० वर दीडची. आकडे नीट बघा. सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरांत पडतो. "आम्ही उथळच जाणार, आम्हाला काय होतंय?" असं म्हणणाऱ्याला म्हणूनच मी जास्त वेळ समजावत बसतो.

खाली जाताना पहिले बोलतात ते कान. पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं, दुखायच्या आधी, दर हातभर उतरलं की करायचं. सर्दी असेल तर नळी उघडत नाही, त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. पैसे भरले आहेत म्हणून नाकात औषध घालून येणारे भेटतात. त्यांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

वर येताना गणित उलटं. १० मीटरवर छातीभर श्वास घेऊन तो कोंडून कोणी वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुसाला ती देता येत नाही, ते फाटतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम, बाकी सगळे विसरलात तरी चालतील असा: श्वास कधीही रोखायचा नाही. नदीत, विहिरीत डुबक्या मारून मोठे झालेल्यांना हा नियम सर्वांत जड जातो, कारण पाण्याखाली दम धरायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

दुसरी भानगड नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो. सावकाश वर आलात तर श्वासावाटे निघून जातो, घाई केलीत तर शरीरातच बुडबुडे धरतो. सांधे दुखण्यापासून लुळं पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून आम्ही मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जोरात वर येत नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. त्या तीन मिनिटांत करायला काही नसतं, आणि नेमकं तेच पाहुण्यांना जमत नाही.

पिंपरीचा एक मुलगा कोर्सला आला होता. जिममध्ये कमावलेले दंड, पोहण्यात पटाईत. गोविंदनगरजवळच्या नेमो रीफवर वाळूचा मोकळा पट्टा आहे, तिथे आम्ही तरंगण्याचा सराव घेतो. वाळूवर पालथं पडायचं, पायांच्या फिन्सची टोकं टेकलेली, हात छातीशी बांधलेले. जॅकेटमध्ये थोडी थोडी हवा सोडून अशी अवस्था आणायची की शरीर ना बुडतंय, ना वर जातंय. मग नुसता श्वास. एक लिटर हवा छातीत जास्त गेली की शरीराला साधारण एक किलोची उचल मिळते, आणि सावकाश पूर्ण श्वासात तीन-चार लिटरचा फरक सहज पडतो. म्हणजे छाती हीच खरी लिफ्ट. पण तिला वेळ लागतो. श्वास घेतल्यावर शरीर उचललं जायला दोन-तीन सेकंद जातात, आणि सगळा घोळ त्या सेकंदांत होतो.

या मुलाने श्वास घेतला. काही झालं नाही. त्याने आणखी घेतला, हातांनी पाणी मारलं, पाय झाडले. आणि मग तिन्ही गोष्टी एकदम लागू झाल्या. तो सरळ वर निघाला, मी त्याला फिनला धरून खाली आणलं. खाली येताना त्याने घाबरून सगळी हवा सोडली आणि वाळूत आपटला. गढूळ झालेलं पाणी निवळेपर्यंत मी त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसून राहिलो. शाळेत बाई सांगायच्या तसं, हाताची घडी, फक्त तोंडावर बोटाऐवजी रेग्युलेटर. पुढच्या वेळी त्याने श्वास घेतला आणि वाट पाहिली. खांदे हळूच वाळूपासून सुटले. श्वास सोडला, पुन्हा वाट. खांदे खाली. वर आल्यावर म्हणाला, "सर, मी तर काहीच केलं नाही." मी म्हटलं, "तेच शिकवायचं होतं रे."

हे जमलं की हवाही पुरते. शांत माणूस वर मिनिटाला १५-२० लिटर हवा घेतो, १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून टाकीतून दुप्पट जाते. हातपाय मारणाऱ्याची टाकी अर्ध्या तासाच्या आत संपते, निवांत माणसाची तासाकडे जाते. ऑक्सिजन किती वेळ पुरेल, या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

आणि हे जमल्याशिवाय मी कोणाला प्रवाळाजवळ नेत नाही. लोकांना तो दगड वाटतो, किंवा झाड. तो प्राण्यांचा गाव आहे. प्रत्येक प्राणी बोटाच्या नखाहून लहान, मऊ, तोंडाभोवती स्पर्शिका असलेला. त्याला पॉलिप म्हणतात. तो पाण्यातून चुना घेऊन स्वतःखाली कवच बांधतो, आणि त्याच्या कातडीत एकपेशीय शैवाल राहतं. दिवसा उन्हात शैवाल साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. रात्री पॉलिप स्पर्शिका बाहेर काढून पाण्यातले बारीक जीव पकडतो. दिवसा गुळगुळीत दिसलेला प्रवाळ रात्रीच्या डाइव्हला टॉर्चमध्ये केसाळ दिसतो, ते यामुळे. शैवालाला ऊन हवं, म्हणून हे गाव उथळ, स्वच्छ पाण्यात वसतात.

इथे पोरायटीस नावाचे गोल धोंड्यांसारखे प्रवाळ आहेत. ते वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. माणसाच्या छातीएवढा उंच धोंडा दिसला की समजायचं, हा इंग्रजांच्या काळातला आहे. त्याच्या पाठीवर निळे, पिवळे, नखाएवढे तुरे जोडीजोडीने उभे असतात. ते किडे आहेत. जवळ जाऊन नुसती सावली पडली तरी टचकन आत. पाहुण्यांना हा खेळ वाटतो, पुन्हा पुन्हा करायचा असतो. मी त्यांना मागे घेतो आणि हातभर अंतरावर थांबवतो. मिनिटभराने एक तुरा बाहेर येतो, मग दुसरा. दाट फांद्यांचे प्रवाळ भराभर वाढतात, वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंतही, पण फिनचा एक फटका आणि वर्ष-दोन वर्षांचं बांधकाम खाली. हाताने नुसतं चाचपलं तरी त्यावरचा चिकट थर निघतो. तो थरच त्याचं संरक्षण. पायाने उडवलेली वाळू त्यावर बसली की पॉलिप गुदमरतात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. तोल गेलेला माणूस जवळ असेल ते धरतो, एवढंच. म्हणून आधी वाळूवरचा सराव.

या बाबतीत माझी तक्रार पाहुण्यांपेक्षा धंदेवाल्यांवर जास्त आहे. बोयाला दोर बांधायचा सोडून थेट प्रवाळावर नांगर टाकणारे आहेत. मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे सोडणारे आहेत. व्हिडिओत मासे दाट दिसतात खरे, पण प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावाच्या नादी लागले तर ते काम कोण करणार?

माशांबद्दल मराठी पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला. नाशिकच्या एका काकूंनी वर येताच मास्क काढायच्या आधी विचारलं, "अहो, तो मोठा ठिपक्यांचा मासा खातात का हो?" "खातात काकू, आमच्याकडे त्याला हेकरू म्हणतात." त्या मनापासून हळहळल्या. मला काकूंचं मन कळतं. लहानपणी हेकरू मी लिलावातच बघितलेला, डोळे बाहेर आलेला. इथे जॉनीज गॉर्जला तोच हेकरू तोंड वासून स्थिर उभा असतो आणि बोटभर लांबीचा निळा-काळा मासा त्याच्या तोंडात शिरून दातांतली घाण, कल्ल्यांवरचे परजीवी टिपत असतो. हेकरू त्याला गिळत नाही. शेजारी दुसरे मासे आपल्या पाळीची वाट बघत असतात. प्रवाळात अशा ठरलेल्या जागा असतात आणि आपण स्थिर राहिलो तर मासे काम थांबवत नाहीत. हात हलवला की दुकान बंद.

आवाजही असतात. करकर असा आवाज येतो, तो पॅरटफिशचा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ खरवडतो, शेवाळ खातो आणि चुन्याचा चुरा मागून सोडतो. अशा प्रवाळ बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशाच्या पोटातून आलेला वाटा बराच असतो. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानांना कळत नाही. बोटीचं इंजिन डोक्यावर आहे की लांब, हे ओळखता येत नाही, म्हणून वर येताना हात उंच करून, वर बघत, गोल फिरत यायचं.

रंगांचंही तसंच. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांत पिऊन टाकतं, मग केशरी, मग पिवळा. डिक्सन्सच्या सुळक्यांवर मऊ प्रवाळाचे जांभळे-गुलाबी झुबके आहेत, पण टॉर्च न लावता गेलात तर राखाडी-निळ्या रंगाचंच सगळं दिसेल. बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. पाहुणे घाबरतात.

या सगळ्याला एक अंशाची भीती आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर पॉलिप आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो. रंग शैवालाचा, त्यामुळे पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. त्या क्षणी प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर त्यावर हिरवट-करडं शेवाळ चढतं आणि मग संपलं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडलं. २०१० च्या एप्रिल-मेमध्ये पांढरं पडलेलं बघितलेले जुने इन्स्ट्रक्टर अजून त्याबद्दल कमी बोलतात. तिकडे लक्षद्वीपला २०२४ च्या उन्हाळ्यातही तेच झालं.

एप्रिल संपत आला की मी मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचं तापमान दर डाइव्हला बघतो. २९, ३०, ३१. मग डोळे आभाळाकडे. अंदमानात मोसमी पाऊस मेच्या उत्तरार्धात पोचतो, ढग येतात, वारा पाणी घुसळतो आणि तापमान उतरतं. घरून भाऊ फोनवर विचारतो, "पाऊस खंय पावलो?" त्याला होड्या वर ओढायच्या असतात, मला पाणी थंड व्हायला हवं असतं. धंदा बुडवणाऱ्या पावसाची वाट बघणारा मी एकटा नाही, इथले सगळे डायव्हर बघतात.

भूकंपाचाही फटका बसलेला आहे. २६ डिसेंबर २००४ ला निकोबारची जमीन खचली आणि उत्तर अंदमानची वर उचलली गेली. तिकडे प्रवाळाचे पट्टेच्या पट्टे पाण्याबाहेर राहून वाळले. हॅवलॉक त्या मानाने वाचलं.

"मालवणातच असता तर?" असंही विचारतात. मालवणातही डायव्हिंग आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळही आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पण नद्या गाळ आणतात, पाणी कधी स्वच्छ तर कधी पुढचा माणूस दिसेना असं. अंदमानच्या या बेटांना मोठी नदी नाही, चांगल्या दिवशी २० मीटरपलीकडचं दिसतं. खरं तर महाराष्ट्राचं मोठं प्रवाळ किनाऱ्यावर नाहीच, ते विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आहे. अँग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. त्याचा माथाच २० मीटरच्या आसपास, म्हणजे नवशिक्याचं काम नाही, आणि रात्रभर बोटीत काढल्याशिवाय पोचणंही नाही. आपल्या दर्यासारंगाच्या नावाचं प्रवाळ आहे हे बहुतेक पाहुण्यांना मी सांगेपर्यंत माहीत नसतं. कोर्स पूर्ण करायला हेही एक कारण पुरे.

येणार असाल तर काही गोष्टी. फेब्रुवारी ते एप्रिल पाणी सगळ्यात नितळ. कोर्सला वय किमान १० हवं, २०० मीटर पोहता यायला हवं आणि १० मिनिटं तरंगता. तब्येतीच्या फॉर्मवर खरं लिहा. सकाळी बीपीची गोळी घेऊन 'औषध चालू नाही' या चौकटीत खूण करणारे थोडे नाहीत. दमा, हृदयाचा आजार, कानाचं ऑपरेशन असेल तर घरूनच डॉक्टरांचं पत्र आणा. पाण्याखाली अंगठा वर करू नका, त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला' असा आहे, आणि मी तुम्हाला खरंच वर घेऊन येईन. शिंपले, प्रवाळाचा तुकडा, अगदी किनाऱ्यावर पडलेला मेलेला पांढरा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला, आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही, अंगातला उरलेला नायट्रोजन कमी दाबाखाली बुडबुडे धरतो. म्हणून डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला घ्या आणि राधानगरचा किनारा, बाजारातली माशाची थाळी शेवटच्या दिवसासाठी ठेवा. परतीच्या बोटीची तिकिटं मात्र पुण्या-मुंबईहून निघतानाच काढून ठेवा. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत ती धक्क्यावर मिळत नाहीत.